ऐंशीच्या वेगात अंग न दुखता: जुन्या मोटरसायकलच्या जागी कुठली घ्यावी?



आजचा विषय तुमच्याकडूनच आलाय. बेळगाव, हैदराबाद, बडोदा, दिल्ली, अगदी रायपूरहूनसुद्धा. शब्द वेगवेगळे, पण प्रश्न एकच. दीडशे सीसीची गाडी दहा-बारा वर्षं वापरली, आता बदलायची आहे. रोज कामावर जायला चालेल, अधूनमधून बाहेरगावी जाता येईल आणि उतरल्यावर कंबर धरून उभं राहावं लागणार नाही, अशी कुठली घेऊ?

यातलं इंदूरचं एक पत्र मी आज समोर ठेवतो, कारण त्यात हवी ती माहिती सगळी आहे. लिहिणारे गृहस्थ चोपन्न वर्षांचे. उंची पाच फूट पाच इंच. ऑफिस नऊ किलोमीटरवर. गाडी २०११ ची, म्हणजे नोंदणीची पंधरा वर्षं भरत आली. महिन्यातून एकदा ओंकारेश्वर, वर्षातून दोनदा धुळे, तिथे सासुरवाडी. पूर्वी ही सगळी फेरी दोघं मिळून करायचे. आता दोन वर्षं झाली, वहिनी खासगी बसने धुळ्याला जातात आणि हे गाडीवर एकटे. कारण वहिनींचं म्हणणं, "मानपूरचा घाट उतरेपर्यंत माझे पाय बधिर होतात." मुलगा सांगतो चारशे सीसी घ्या. मेहुणे सांगतात बुलेटशिवाय दुसरं काही घेऊ नका. शेजारी म्हणतात आता वय झालं, स्कूटर घ्या.

मुलगा, मेहुणे, शेजारी तिघेही गाडीबद्दल बोलतायत. मला त्या बधिर पायांपासून सुरुवात करायचीये. पण त्याआधी वेगाचा प्रश्न मिटवून टाकू, कारण निम्मे पैसे तिथेच नको तितके खर्च होतात.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये ज्या कमाल वेगमर्यादा ठरवल्या, त्यात मोटरसायकलला दुभाजकाच्या चौपदरी रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर आहे. शहरात आणि इतर रस्त्यांवर ६०. राज्यं ती आणखी खाली आणू शकतात. ज्या रस्त्यांवर याहून जोरात जावंसं वाटेल, तिथे बरेचदा आपल्याला प्रवेशच नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकी चालत नाही. बेंगळुरू–म्हैसूर रस्त्याच्या मुख्य मार्गिकांवर ऑगस्ट २०२३ पासून बंदी आहे, तिथे आपण बाजूच्या सर्व्हिस रोडने जायचं. तेव्हा आपल्या देशात 'आरामात लांब जाणारी गाडी' म्हणजे ताशी ६० ते ८० या पट्ट्यात दिवसभर न दमवता चालणारी गाडी. १२० ला ती कशी चालते, हा प्रश्न आपल्या परीक्षेत नाहीच.

आता ८० ला किती ताकद लागते? ढोबळ हिशोब सांगतो. सरळ बसलेला माणूस, सपाट रस्ता, वारा नाही, तर सातेक अश्वशक्ती पुरते. १०० ला तीच बारापर्यंत जाते, कारण हवा ढकलायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. दीडशे-एकशेसाठ सीसीच्या गाडीकडे तेरा-चौदा अश्वशक्ती असते. म्हणजे ८० ला ती आपली निम्मी ताकद लावून पळते. मागे माणूस, बाजूला बॅग आणि समोर बिजासन घाट आला की उरलेली निम्मीही खर्ची पडते. मग आपण गिअर पाडतो, इंजिन ओरडायला लागतं, हँडल थरथरतं, तळहाताला मुंग्या येतात. ती थरथर हा दमण्याचा मोठा भाग असतो.

म्हणून मी अश्वशक्तीच्या आकड्याआधी टॉर्क कुठल्या फेऱ्यांना मिळतो ते बघतो. शोरूमच्या पत्रकात हा आकडा छापलेला असतो, कोणी वाचत नाही. होंडाची १६० सीसी युनिकॉर्न १४ न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क देते, तोही साडेपाच हजार फेऱ्यांच्या जवळ. रॉयल एनफिल्डचं आताचं ३५० सीसीचं इंजिन २७ न्यूटन-मीटर देतं, चार हजार फेऱ्यांना. होंडाची एचनेस सीबी ३५०, ३० न्यूटन-मीटर, तीन हजारांना. आणि मुलाच्या मनातली ट्रायम्फ स्पीड ४००? तिचे ३७.५ न्यूटन-मीटर साडेसहा हजारांना मिळतात आणि ४० अश्वशक्ती आठ हजारांना. गाडी उत्तम आहे, मला आवडते. पण तिचा पूर्ण जोर जिथे आहे तिथे इंदूर–धुळे रस्त्यावर मागे बायको बसलेली असताना तुम्ही जाणार नाही. त्याचे पैसे मात्र भरणार. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के झाला. पूर्वी सेस धरून ३१ पडायचा. त्यामुळे ३५० ची रेघ ओलांडण्यासाठी आता खरोखरचं कारण पाहिजे. लडाखला सामान लादून जायचंय, रोजचा रस्ता कच्चा आहे, ही कारणं झाली. "जास्त सीसी म्हणजे जास्त आराम" हे कारण नाही.

मेहुण्यांच्या बुलेटबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. थरथरणारी बुलेट म्हणून जी आठवण आपल्या सगळ्यांच्या हाडांत बसलीये, ती जुन्या इंजिनाची. एका सिलिंडरचा पिस्टन खाली-वर होतो, त्याचा धक्का परतवायला उलट फिरणारा दांडा लागतो, बॅलन्सर शाफ्ट. जुन्या ३५० मध्ये तो नव्हता. २०२० च्या शेवटी मीटिओर आली तेव्हापासून नवीन इंजिनात तो आहे, मग २०२१ मध्ये क्लासिकला आणि २०२३ मध्ये बुलेटला तेच इंजिन मिळालं. त्यामुळे तुम्ही २०१८ ची सेकंडहँड क्लासिक चालवून बघितली आणि नवीन घ्यायचं ठरवलं किंवा रद्द केलं, तर दोन्ही निर्णय चुकीच्या गाडीवरून घेतलेत. नाव तेच आहे, पण इंजिन निराळं आहे.

आता वजन. हे कुणी बोलत नाही, कारण गाडी चालू असताना ते जाणवत नाही. युनिकॉर्न साधारण १४० किलो. टीव्हीएस रोनिन १६०. होंडा एचनेस १८१, रॉयल एनफिल्ड हंटर तेवढीच. मीटिओर १९१, क्लासिक आणि बुलेट १९५. जुन्या गाडीवरून क्लासिकवर जाणं म्हणजे सिमेंटचं एक अख्खं पोतं आणि वर पाच किलो. हे पोतं तुम्ही रोज सकाळी सोसायटीच्या पार्किंगमधून मागे ओढणार, दोन स्कूटरच्या मधून. उतारावर तोंड खाली करून लावलेली गाडी पायाने मागे ढकलणार. गुडघा दुखत असेल तर हीच पाच मिनिटं दिवस खराब करतात. माझा अनुभव असा की पन्नाशीनंतर लोक गाडी विकतात ती बहुतेक वेळा या ढकलण्याला कंटाळून, चालवण्याला कंटाळून नव्हे. शोरूममध्ये कुणी तुम्हाला गाडी ढकलून बघा म्हणणार नाही. तुम्ही म्हणा. इंजिन बंद, न्यूट्रल, सीटवर बसून पायाने दहा फूट मागे. मग उतरून हँडल धरून वळवा. मेन स्टँड असेल तर त्यावर चढवून बघा.

सीटची उंची मात्र लोक विचारतात, पण अर्धवट. ८०० मिलिमीटर हा आकडा ऐकून पाच फूट पाच इंचाचा माणूस घाबरतो किंवा निर्धास्त होतो. दोन्ही घाईचं. सीट पुढे अरुंद असेल तर ८०० लाही पाय टेकतात, रुंद असेल तर ७९० लाही टाच उचलावी लागते. आपल्या जाड बुटांसकट, आणि मागे माणूस बसवून, दोन्ही पाय टेकून बघायचे. मागे माणूस बसला की गाडी थोडी खाली बसते, पण तोल सांभाळायला तेव्हाच जास्त जोर लागतो.

आता बसण्याबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण इथे एक मोठा गैरसमज आहे. पाय पुढे, हँडल जवळ, पाठ टेकल्यासारखी, अशा क्रूझर गाडीला आपण 'आरामदायी' म्हणतो. बजाज ॲव्हेंजर घ्या, मीटिओर घ्या. सीट खाली असते, पाय सहज टेकतात, शहरात छान वाटतं. गुळगुळीत रस्ता असेल तर बाहेरही छान. पण आपल्याकडे गाव आलं की स्पीडब्रेकर, पूल आला की पुलाच्या सांध्याचा दणका. पाय शरीराच्या खाली असतील तर आपण नकळत पेगवर जोर देऊन बूड इंचभर उचलतो आणि धक्का गुडघ्यांत जिरतो. पाय पुढे ताणलेले असतील तर उचलता येत नाही. सगळा धक्का माकडहाडातून सरळ वर जातो. ज्यांना मणक्याचं दुखणं आहे त्यांनी पाय फार पुढे जाणाऱ्या गाडीपासून जपून राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. उलट बाजूला, स्पोर्ट्स गाडीसारखं वाकून बसलात तर वजन मनगटांवर येतं. ताठ पाठ, कोपरात हलकीशी घडी, पाय जवळपास मांडीखाली, ही आपल्या रस्त्यांची बैठक. जुन्या साध्या गाड्यांची हीच होती, म्हणून तर त्या इतकी वर्षं चालल्या.

आणि गादी. बोट दाबून मऊ लागणारी गादी शोरूममध्ये जिंकते आणि खलघाटला हरते. मऊ फोम अर्ध्या-पाऊण तासात दबतो, मग तुम्ही खालच्या पत्र्यावर बसल्यासारखे बसता. थोडी कडक, रुंद आणि मागे-पुढे सरकायला जागा असलेली सीट तीन तासांनी बरी वाटते. म्हणून दहा मिनिटांच्या टेस्ट राइडवर सीटचा निकाल देता येत नाही. मोठ्या शहरांत आणि गोव्यात या गाड्या दिवसाच्या भाड्याने मिळतात, काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या. लाख-दोन लाखांची खरेदी करण्याआधी एक दिवसाचं भाडं भरून शंभर किलोमीटर हिंडून यावं. मी तर म्हणेन हा सगळ्यात चांगला खर्च आहे.

आता वहिनींचे पाय. पाय बधिर होतात ते मुख्यतः दोन कारणांनी. पेग इतके वर असतात की गुडघा जास्त दुमडतो, किंवा सीटची कड मांडीच्या खालच्या बाजूला रुतते. एका बाजूला बसणाऱ्या बाईंचा त्रास आणखी वेगळा. पाय ठेवायची पट्टी रुंद नसेल तर पाय लोंबकळतात आणि पूर्ण प्रवास कमरेला पीळ देऊन बसावं लागतं. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे मागच्या माणसाला धरायला पकड, पाय ठेवायला आधार आणि मागच्या चाकात कपडा अडकू नये म्हणून अर्धं चाक झाकणारं संरक्षण असलंच पाहिजे. पण नियमात बसणं वेगळं आणि माणसाला बसवणं वेगळं. काही गाड्यांची मागची सीट म्हणजे शोभेचा तुकडा असतो. सपाट, लांब, एकसंध सीट बघा. या बाबतीत बुलेट ३५० ची एकाच तुकड्याची सीट मला सरस वाटते. क्लासिकची मागची गादी वेगळी आहे, ती वहिनींनी स्वतः बसून ठरवावी.

शोरूमला दोघांनी जायचं, हे सांगायला लागू नये. पण मी शोरूममध्ये कितीदा बघतो, नवरा गाडीवर आणि बायको सोफ्यावर, हातात कोल्ड्रिंक.

डबलसीट चालवणाऱ्यांसाठी अजून दोन गोष्टी. मागच्या शॉकअब्सॉर्बरला पाच-सहा खाचा असतात, टूलकिटमधल्या वाकड्या पान्याने त्या फिरवता येतात. मागे माणूस आणि सामान असेल तर एक-दोन खाचा वर. बहुतेक गाड्या कंपनीतून आल्या त्याच खाचेवर भंगारात जातात. पहिल्या सर्व्हिसला मेकॅनिककडून करून दाखवून घ्या. दुसरी, ब्रेक. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नवीन गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचा आहे, पण नियमाला पुढच्या चाकाचाही पुरतो. मागे वजन असलं की मागचं चाकही खरं काम करतं, तेव्हा दोन्ही चाकांना एबीएस असलेलंच मॉडेल घ्या. एकाच नावाच्या गाडीत प्रकाराप्रमाणे हे बदलू शकतं, विचारून घ्या.

चाकाचंही तसंच. पुढचं चाक १९ इंची असेल, जसं क्लासिकला आणि एचनेसला आहे, तर ते खड्ड्यावरून जरा सहज जातं. १७ इंची, म्हणजे हंटर, रोनिन, स्पीड ४००, ही शहरात पटकन वळतात. तारांची चाकं दिसायला सुंदर, पण त्यांत बहुधा ट्यूब असते. सेंधव्याच्या अलीकडे रात्री पंक्चर झालं तर चाक काढावं लागतं. अलॉय आणि ट्यूबलेस असेल तर सुई-दोऱ्यासारखं ते किट खिशात ठेवा, पंधरा मिनिटांत हवा भरून पुढे. दोघांनी फिरायचं असेल तर मी दिसण्यावर पाणी सोडीन.

तर इंदूरच्या गृहस्थांना माझं उत्तर. चारशे नको. स्कूटर ऑफिसला ठीक, पण छोटी चाकं घेऊन मानपूर आणि बिजासन असे दोन घाट दोघांनी करायचे नाहीत. पहिली चालवून बघा ती होंडा एचनेस. बैठक ताठ, जोर खालच्या फेऱ्यांना, क्लासिकपेक्षा चौदा किलो हलकी. मात्र ती होंडाच्या नेहमीच्या दुकानात मिळत नाही, बिगविंग नावाच्या वेगळ्या शोरूममध्ये मिळते. सर्व्हिस तुमच्या घरापासून किती लांब पडेल ते आधी बघा. दुसरी रोनिन. २२५ सीसी, वीस अश्वशक्ती, टॉर्क पावणेचार हजार फेऱ्यांना, आणि जुन्या गाडीपेक्षा फक्त वीस किलो जास्त. गुडघ्याचा विचार केला तर ही कदाचित पहिल्या नंबरला यावी. वहिनींना जर बुलेटची सीटच बरी वाटली, तर बुलेट घ्या, पण पार्किंगमधून आठवडाभर कोण ओढणार ते ठरवून. माझा कौल रोनिनकडे झुकतो, एचनेसची मागची सीट वहिनींना निर्विवाद जास्त आवडली नाही तर.

आणि एक शक्यता, जी कुठलाच सेल्समन सांगणार नाही. २०११ ची गाडी अजून धड असेल तर आरटीओत तपासणी करून नोंदणी पुढची पाच वर्षं वाढवता येते. नवीन शॉकअब्सॉर्बर, हँडलचा कोनसेट, सीटवाल्याकडून नवा कडक फोम, नवे टायर. एवढं केल्यावर कित्येकांचं कंबरदुखीचं कारण गाडीत नव्हतंच, दमलेल्या शॉकअब्सॉर्बरमध्ये होतं असं कळतं. यांच्या बाबतीत घाटातला जोर कमी पडतोय, म्हणून मी बदला म्हणतोय. पण तुमचा रस्ता सपाट असेल, नागपूर–वर्धा किंवा बडोदा–आणंद, तर आधी हे करून बघा.

जे बदलीच्या नोकरीत आहेत, आज भोपाळ उद्या कोची, त्यांच्यासाठी दोन शब्द. बारा महिन्यांहून जास्त काळ दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली तर तिथली नोंदणी करावी लागते, आधीच्या आरटीओची एनओसी आणावी लागते. ही कटकट टाळायला २०२१ पासून बीएच मालिका आहे. सरकारी नोकर, आणि ज्यांच्या कंपनीची कार्यालयं चार किंवा जास्त राज्यांत आहेत असे, यांना ती मिळते. रस्ताकर दोन-दोन वर्षांचा भरायचा. नवीन घेतानाच डीलरला सांगा, नंतर आठवण झाली तर कागदं जास्त फिरतात.

सेकंडहँड घेणार असाल तर कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि गाडी एप्रिल २०२३ च्या आधीची असेल तर २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला ती कितपत चालते, हे त्या मॉडेलच्या सर्व्हिस सेंटरला विचारा.

शेवटी गाडी ताब्यात घ्याल त्या दिवशीचं. हार घालायच्या आधी मेकॅनिकला बोलवा. हँडल आपल्या हाताच्या उंचीला फिरवून घ्या, क्लच आणि ब्रेकचा दांडा असा ठेवायला सांगा की हात सरळ असताना बोटं आपोआप त्यावर पडतील, मनगट वर मोडावं लागू नये. गिअरचा पेडल बुटाच्या जाडीला जुळवा. मग वहिनींना बसवा आणि शॉकअब्सॉर्बरच्या खाचा लावून घ्या. अर्धा तास लागतो, फुकट होतं, आणि त्यासाठी मागे लागावं लागतं. लागा मागे.

पुढच्या भागात हेल्मेटबद्दल बोलू. चष्मा वापरणाऱ्यांचे प्रश्न बरेच आलेत. तोवर नमस्कार.